सॉरी या शब्दाचा सखोल अभ्यास

सोमवार, २७ ऑक्टोबर. सकाळ.

आजपासून डायरी. कापडाच्या व्यापाऱ्याने मागे कधीतरी भेट दिलेली, कोरीच पडली होती. वार जुळत नाहीत, ते खोडून नवे लिहितो आहे.

संकल्प : रोज एक इंग्रजी शब्द, मुळासकट. अर्थ काय, कुणालाही येतो. मूळ माहीत असणं ही वेगळी लेव्हल.

आजचा शब्द : टेलर. मूळचा फ्रेंच. तिथे त्याचा अर्थ कापणारा. शिवणारा नव्हे! म्हणजे आमच्या दुकानात खरा टेलर मीच. मेव्हणा मशीनवर बसतो, तो शिवणारा. हे त्याला सांगितलं तर मशीन न थांबवता म्हणाला, मग भाऊजी, आज गिऱ्हाइकांना नुसते कापलेलेच कपडे देऊन टाका. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणून चालवून घेतो.

नवीन टेप आणला. जुन्या टेपचा पहिला इंच कधीच तुटून गेला होता. मी एकच्या खुणेपासून माप घ्यायचो, येईल तो आकडा खणखणीत आवाजात सांगायचो, आणि मेव्हणा पाठमोरा बसून वहीत लिहिताना आपणहून एक कमी करायचा. कधी ठरवलं नव्हतं, पडून गेली होती सवय. नवीन टेप पिवळाधमक. प्रोफेशनल वाटतो.

मंगळवार, २८ ऑक्टोबर.

मोठी ऑर्डर! बँडमास्तर आणि त्याची सहा माणसं. लाल कोट, सोनेरी बटणं. पुढच्या महिन्यात नवीन पुलाचं उद्घाटन आहे, तिथे घालून वाजवणार. सगळ्यांची मापं घेतली. मी आकडे पुकारले, मेव्हण्याने लिहिले. मापं घेता घेता टेलर शब्दाचं मूळही सांगितलं. ढोलवाला फार लक्ष देऊन ऐकत होता. नंतर कळलं, त्याला एका कानाने कमी ऐकू येतं.

बँडमास्तरने कच्च्या ट्रायलचं विचारलं. म्हटलं, माझ्या कटिंगला ट्रायल लागत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

संकल्पात खंड. सीझन आहे. शब्द वाट बघतील.

मेव्हण्याशी किरकोळ वाद. तो शिवणीत फार माया सोडतो. एवढं जादा कापड आत दुमडून ठेवायचं कशाला? म्हणे, माणूस काय कायम एकाच मापाचा राहतो? मी म्हटलं, माझं माप बरोबर असताना तुझी माया हवी कुणाला. तो शिट्टी वाजवत राहिला. कामाच्या वेळी शिट्टी वाजवू नये, हा नियम भिंतीवर लावायचा आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो. सत्य नोंदलं जावं.

बँडवाले कोट न्यायला आले. सातच्या सात कोट आखूड आणि घट्ट. अगदी सगळीकडे. खांदे, छाती, बाह्या. ट्रम्पेटवाल्याने सहज दम भरला तर बटण उडून आरशाला लागलं. ढोलवाल्याचे हात पुढे येईनात. बँडमास्तरचा चेहरा आणि कोट, दोन्हींचा रंग एक झाला.

दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. अशा वेळी मालकाने खंबीर राहावं लागतं. मी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं की मी मापं अचूक पुकारतो, पण लिहिणाऱ्याला ऐकलेले आकडेही धड लिहिता येत नसतील तर मी काय करणार. पुढे रागाच्या भरात असंही म्हणालो की बायकोचा भाऊ म्हणून ठेवलाय, नाहीतर याला कोण ठेवणार.

मेव्हण्याने बोटातला अंगुस्ताना काढला, मशीनवर ठेवला, चप्पल घातली आणि गेला. एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण?

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

आला नाही. ठीक आहे. दुकान छान शांत वाटतं. शिट्टी नाही की काही नाही. कामात लक्ष लागतं.

संध्याकाळी त्याच्याकडून निरोप आला, बायकोमार्फत. तो म्हणतो, भाऊजींनी घरी येऊन एकदा सॉरी म्हणावं, बाकी काही नको, दुसऱ्या दिवशी मशीनवर बसतो. बायको म्हणाली, जा आत्ता, पाच मिनिटांचं काम. म्हटलं, जाईन, पण मी कापड हाताला लावून बघितल्याशिवाय कात्री चालवत नाही. शब्दाचंही तसंच. आधी समजून घेतो.

ती म्हणाली, सॉरीत समजून घ्यायचं काय असतं? इथेच सामान्य माणूस आणि माझ्यात फरक पडतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

इंग्रजीच्या रिटायर्ड बाई आपल्या गिऱ्हाईक आहेत. त्यांच्याकडून शब्दकोश आणला, व्युत्पत्तीसकट. ज्ञान किती जड असतं ते सायकलच्या कॅरियरला विचारावं. बाईंनी विचारलं, कोणता शब्द बघायचाय? सांगितलं. त्या म्हणाल्या, तो तर पहिलीत शिकवतात. मग आपल्या ब्लाउजचं विचारलं. मेव्हणा रजेवर आहे असं सांगितलं.

दुपारभर वाचन. थक्क झालो! सॉरी हा शब्द सॉरो म्हणजे दुःख यातून आलेला नाहीच. लोकांचा गोड गैरसमज. दोघांचे उच्चार जवळ आले एवढंच, नातं काही नाही. सॉरी आला आहे सोअर या शब्दातून. सोअर म्हणजे दुखरं, ठणकणारं. जुन्या इंग्रजीत सॉरी म्हणजे ज्याला वेदना होते आहे असा.

आता शांतपणे विचार केला. वेदना कुणाला होते आहे? मेव्हण्याला. मनाला कुणी लावून घेतलं? मेव्हण्याने. म्हणजे मुळात सॉरी कोण आहे? मेव्हणाच! मी म्हणणं हे भाषेच्या दृष्टीने चूक ठरेल.

बायकोला समजावून सांगितलं. ती ताट ठेवून उठून गेली.

रविवार, १६ नोव्हेंबर.

दुकान बंद ठेवून स्वतः मशीनवर बसलो. शिवणकाम काही अवघड नाही, पायाला लय हवी एवढंच. ढोलवाल्याचा कोट उसवून पुन्हा शिवायला घेतला. दोन तासांत एक बाही पूर्ण. उठायला गेलो तर उठता येईना. स्वतःच्या शर्टाचा कफ कोटाच्या बाहीला व्यवस्थित शिवला गेला होता. टाका मात्र मजबूत, हे मान्य करावं लागेल. मुलीने कात्रीने सोडवलं. कॉलेजात जाते, पण अजून बालिशपणे हसते.

निष्कर्ष : मशीन जुनं झालं आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर.

नवा विचार. सॉरी ऐवजी अपॉलॉजी देता येईल. वजनदार शब्द, घरातही शोभून दिसेल. कोश उघडला. अपॉलॉजी मूळचा ग्रीक. अर्थ : स्वतःच्या बचावाचं भाषण! आरोप झालेल्या माणसाने उभं राहून आपली बाजू मांडायची, त्याला म्हणायचे अपॉलॉजी.

म्हणजे मी बारा तारखेपासून रोज अपॉलॉजीच देतो आहे. बायकोला दिली, मुलीला दिली, पानवाल्याला दिली, बँडमास्तरला तर दोनदा दिली. आणि लोक म्हणतात मी माफी मागत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

बँडमास्तर येऊन गेला. उद्घाटन एकोणतीसला. तोवर कोट अंगात शिरले नाहीत तर जुन्या कोटांवर वाजवू आणि माइकवरून कारण सांगू, असं म्हणाला. धमकीच ही. मी त्याला सांगितलं, प्रोसेस चालू आहे.

प्रोसेस अशी : सातही कोटांना वाफेची इस्त्री, मग ओढून ताणून हँगरला. कापड थोडं सैलावतंच. शास्त्र आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर.

मुलगी दुकानात आली होती. मी एकाचं माप घेत होतो, ती लिहीत होती. मध्येच टेप हातात घेऊन उलटसुलट बघत बसली. गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, बाबा, हा नवीन कधी आणला? सांगितलं. म्हणाली, मामाला सांगितलं होतंत, की टेप बदलला आणि आता एक कमी करायचा नाही?

मी म्हटलं, मागे नवीन कात्री आणली तेव्हा काय सभा भरवली होती? दुकानात वस्तू येत जात असतात. पिवळाधमक टेप आंधळ्यालाही दिसेल.

ती म्हणाली, मामा पाठमोरा बसतो.

वाद वाढवण्यात अर्थ नव्हता. मुलांशी मैत्रीने वागावं म्हणतात, मी विषय बदलला.

गुरुवार, २० नोव्हेंबर.

रात्रभर नीट झोप नाही. डास असावेत.

समजा, केवळ समजा, टेपच्या बाबतीत कळवायचं राहून गेलं असेल. तर ती तांत्रिक त्रुटी झाली. त्रुटीबद्दल कुणी सॉरी म्हणत नाही, त्रुटी दुरुस्त करतात. तरी मोठ्या मनाने जायचं ठरवलं आहे. पण नुसतं जाऊन शब्द टाकून यायचा हे मला जमणार नाही. त्याला त्या शब्दाची किंमत कळली पाहिजे. निबंध लिहायला घेतला : ‘सॉरी : उगम, विकास आणि गैरसमज’. सकाळी एक पान होतं, दुपारपर्यंत नऊ झाली. ट्रायल रूमबाहेरच्या आरशासमोर वाचून बघितलं. आवाज चांगला लागतो.

आत एक गिऱ्हाईक पॅन्ट बदलत होतं, हे नंतर लक्षात आलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.

आश्चर्य! ट्रम्पेटवाल्याचा कोट आज अंगावर चढवून बघितला. त्याची आणि माझी अंगकाठी सारखीच. आरामात बसला! कालपर्यंत काखेत काचत होता. वाफ काम करते आहे. मी म्हटलंच होतं.

बायको आणि मुलगी हल्ली संध्याकाळी मोठ्या पिशव्या घेऊन फिरायला जातात. व्यायाम करतात हे चांगलंच आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

जाऊन आलो. मोहीम फत्ते!

मेव्हण्याने दार उघडलं, या म्हणाला. त्याच्या बायकोने चहा ठेवला. दोघं समोर बसले, हात मांडीवर. त्याच्या चेहऱ्यावर जरा आशा वगैरे दिसली. मी चष्मा लावला आणि सुरुवात केली. सोअरपासून सॉरीपर्यंतचा प्रवास, मग सॉरीचा दुसरा अर्थ, म्हणजे दीनवाणा, फाटका, कामातून गेलेला. याचं उदाहरण म्हणून बँडवाल्यांचे कोट घेतले. ताजं उदाहरण असलं की विषय समजतो. मग ग्रीक लोक. शेवटी समारोप की व्युत्पत्तीच्या आधारे पाहता, या खोलीत मूळ अर्थाने सॉरी असलेली व्यक्ती तूच आहेस.

चहाचे कप मी समारोपाला येण्याआधीच त्याच्या बायकोने उचलले. त्याने विचारलं, आणखी काही म्हणायचं आहे का भाऊजी? म्हटलं, प्रश्न असतील तर विचार. तो म्हणाला, नाही, प्रश्न नाही.

घरी आलो तर बायको दारातच. म्हणालात का? म्हटलं, तासभर तेच म्हणत होतो. ती म्हणाली, शब्दाबद्दल नाही विचारत, त्याला सॉरी म्हणालात का? म्हटलं, शब्द निदान साठ वेळा आला. तिने कपाळाला हात लावला. बायकांना लांबचा विचार जमत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर.

बायकोचा अबोला. निरोप मुलीमार्फत. मीठ हवं असेल तर बाबांना सांग डब्यात आहे, असे.

एक बरं, डायरीला वेळ मिळतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर.

मुलीकडून कळलं. मामाला एक तारखेपासून चौकातल्या मोठ्या रेडीमेड शोरूममध्ये नोकरी मिळतेय. अल्टरेशन काउंटरवर. एसी आहे, रविवारची सुट्टी आहे, बसायला पाठीची खुर्ची आहे. अजून हो म्हटलेलं नाही, शनिवारी कळवायचंय.

अभिनंदन! माणसाने पुढे जावं. मीही एक चांगला कारागीर बघतो. कारागीर काय, रस्त्यात सापडतात.

दुपारी तीन कारागीर बघितले. पहिल्याला काज येत नाही, दुसऱ्याला कॉलर येत नाही, तिसऱ्याला दोन्ही येतं पण तो माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबला नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर.

इंग्रजीच्या बाई कोश न्यायला आल्या. त्यांना माझा निबंध वाचायला दिला. उभ्याउभ्या दोन पानं वाचली. म्हणाल्या, माहिती बरोबर आहे, मेहनत दिसते. मग विचारलं, पण हे पाठवणार कुणाला? म्हटलं, पोचवून आलो. त्या म्हणाल्या, अरेरे. ब्लाउज न शिवलेलाच परत घेऊन गेल्या.

अरेरे का म्हणाल्या असतील? बहुधा टायपिंग नाही म्हणून. हस्ताक्षरात विद्वत्ता नीट दिसत नाही.

संध्याकाळी भाजी घेताना मेव्हणा समोर. आम्ही दोघंच, मध्ये फक्त कोबी. आत्ताच म्हणून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलंसुद्धा. मग वाटलं, इतका अभ्यास केलेला शब्द भाजीच्या गाडीवर वाया घालवायचा? सोमवारी मंडई बंद असते का, असं विचारलं. तो म्हणाला, उघडी असते. दोघांनी अर्धा अर्धा किलो कोबी घेतला.

आमच्याकडे कोबी कुणी खात नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

सातही कोट तयार! एकेक घालून बघितले. छाती, खांदे, बाह्या, सगळं जिथल्या तिथे. वाफेच्या इस्त्रीवर एक लेख लिहायला हवा.

मग सहज बँडमास्तरचा कोट उलटा केला. अस्तर पुन्हा बसवलेलं होतं. शिवणी उसवून आतली माया बाहेर काढलेली, आणि कडेने हाताचे टाके. बारीक, सारखे, शेवटचा टाका आत वळवून लपवलेला. असा शेवटचा टाका एकच माणूस घालतो. मी पिशव्यांचा विचार केला. फिरायला जाण्याचाही केला.

कोट परत हँगरला लावला. कोटांवरून हात फिरवत जरा वेळ उभा राहिलो. शिट्टी नसली की दुकान फारच मोठं वाटतं, हेही लिहून ठेवतो.

संकल्प : उद्या पुलावर सगळ्यांसमोर म्हणायचं. जे चारचौघांत बोललो, ते चारचौघांतच फेडायचं. बायकोला सांगितलं. ती आठवडाभरात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, खरंच? तो उद्या तिथे असणार आहे, आणि रात्रीपर्यंत त्याला शोरूमला कळवायचंय. मग माझा पांढरा शर्ट तिने स्वतः काढून ठेवला.

शनिवार, २९ नोव्हेंबर.

पूल चांगला झाला आहे.

सविस्तर लिहितो. गर्दी भरपूर. लाल कोट उन्हात असे चमकत होते की लोक पुलाऐवजी बँडकडे बघत होते. ट्रम्पेटवाल्याने पोटभर दम घेतला, एक बटण हललं नाही. मेव्हणा स्टेजच्या खाली सुईदोरा घेऊन उभा, ढोलवाल्याच्या बाहीला शेवटचा टाका घालत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे थांब, आता ऐक.

वाजवून झाल्यावर बँडमास्तरने माइकवरून टेलरचे आभार मानले आणि मला वर बोलावलं. टाळ्या. फार टाळ्या. इतक्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. माइक हातात आला. बँडमास्तर म्हणाला, दोन शब्द बोला.

मला एकच बोलायचा होता. पण लोक टेलर, टेलर म्हणत होते आणि समोर एवढा जनसमुदाय, तेव्हा वाटलं आधी थोडी पार्श्वभूमी द्यावी. म्हणून टेलर शब्दाचं मूळ सांगितलं. फ्रेंच, कापणारा वगैरे. लोकांना आवडलं. मग वाफेच्या इस्त्रीबद्दल थोडं निघालं. कसं निघालं कोण जाणे. मग ज्यांच्या हस्ते उद्घाटन होतं त्यांच्या माणसाने घड्याळ दाखवलं आणि माइक काढून घेतला.

खाली बघितलं तर ढोलवाल्याच्या बाहीला सुई तशीच लटकत होती. मेव्हणा नव्हता.

वेळ कमी पडला. आयोजकांची चूक आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर.

बायको माहेरच्यांसाठी काहीतरी घेऊन गेली, म्हणजे मेव्हण्याकडेच. परत आली तेव्हा मी विचारलं, त्याने शोरूमला कळवलं का. ती म्हणाली, काल पुलावरूनच फोन केला.

मुलगीही हसत नाही हल्ली. चिडवली तरी हसत नाही.

मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं की भाषण थोडक्यात कर. निबंध काढून वाचला. नऊ पानं आहेत. त्यात मी त्याला कुठेच सॉरी म्हटलेलं नाही, हे आज लक्षात आलं. शेवटचं पान फाडलं, मग सगळीच फाडली. पाठकोरी होती, मापाच्या चिठ्ठ्यांना होतील.

सोमवार, १ डिसेंबर.

दुकान उघडलं. एकाने विचारलं, ते शिट्टीवाले मास्तर कुठे आहेत? म्हटलं, बाहेर गेलेत. तो म्हणाला, मग नंतर येतो. दुपारी दुसरा आला, त्यानेही तेच विचारलं. मास्तर तो कधीपासून झाला? मास्तर मी आहे. पण दोघांनाही तसं काही म्हटलं नाही.

ठरलं. शोरूममध्ये जाऊन म्हणायचं. कारण म्हणून माझी राखाडी पॅन्ट न्यायची, कमरेत घट्ट झाली आहे. काउंटरवर ठेवायची, त्याच्याकडे बघायचं आणि म्हणायचं. मूळ नाही, विकास नाही, गैरसमज नाहीत.

सॉरी. दुकानात कुणी नसताना तीनदा म्हणून बघितलं. येतं.

बुधवार, ३ डिसेंबर.

गेलो.

काचेचं दार, आत गारवा, कुठूनतरी बारीक संगीत. अल्टरेशन काउंटर अगदी मागे. रांग होती, नंबरची चिठ्ठी घेऊन उभा राहिलो. मेव्हणा पलीकडे. राखाडी जॅकेट, छातीवर बिल्ला. जॅकेटचे खांदे उतरलेले. रेडीमेड. असं जॅकेट त्याच्या अंगावर कुणी चढू दिलं, याचा मला उगाच राग आला.

माझ्यापुढच्या माणसाने बिल आणलं नव्हतं. मेव्हणा म्हणाला, सॉरी सर, बिल लागेल. बाजूच्या बाईची चेन अडकली होती. सॉरी मॅडम, बघतो. एकाला उद्या हवं होतं, सॉरी सर, परवा मिळेल. ज्याला त्याला आधी सॉरी, मग काम. तसं शिकवत असावेत. सुपरवायझर मागे हात बांधून उभाच होता. शिट्टीचा तर प्रश्नच नव्हता.

माझा नंबर आला. पॅन्ट काउंटरवर ठेवली. तो मान खाली घालून चिठ्ठ्या लावत होता. म्हणाला, सॉरी सर, थांबावं लागलं तुम्हाला. मग वर बघितलं. मी आहे हे त्याला कळलं, अगदी स्वच्छ कळलं.

मी म्हणालो. सॉरी. मोठ्याने म्हणालो, मागच्यालाही ऐकू गेलं. हात पॅन्टवर ठेवले.

तो सुपरवायझरकडे नाही, माझ्याकडेच बघत होता. मग पॅन्ट माझ्या हाताखालून हळूच ओढून घेतली, कमरेची शिवण उलटून बघितली, टाचणी लावली आणि चिठ्ठीचा अर्धा तुकडा मला दिला. म्हणाला, नो प्रॉब्लेम, सर. पुढचे कोण?

मागच्या माणसाने कोपर लावलं, मी बाजूला झालो.

घरी बायको दारातच उभी होती. म्हणालात? म्हटलं, म्हणालो, देवाशपथ म्हणालो. ती म्हणाली, मग तो काय म्हणाला? म्हटलं, काही हरकत नाही म्हणाला. तिला एवढा आनंद झाला की डोळ्यांना पदर लावला. मुलीला हाक मारून सांगितलं, बाबा म्हणाले गं.

तो मला सर म्हणाला, हे तेवढं तिला सांगितलं नाही.